हौसाचा पुढचा पाय

“जितं जनावर कागदावर पुरं उतरू नगंस बाई. एकांदा कान सोड, न्हाई तर खूर सोड. पुऱ्याला नजर लागती.”

मनुबाईनं हे सांगितलं तेव्हा चंदनबालाच्या एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्या हातात वरणभाताचा घास. तिनं “बरं आजी” म्हटलं आणि मनातल्या मनात हसून विषय सोडून दिला. सांगलीच्या कॉलेजात बी.ए. झालेली, ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेली बाई ती. असलं मनाला लावून घ्यायचं तर शिकलो कशाला, असं तिला वाटलं. आता खरं सांगायचं तर तिच्या मांडीवर बसलेल्या रत्नूच्या गालावर त्या वेळी काजळाची तीट चांगली ठसठशीत लावलेली होती. पण ती गोष्ट वेगळी. ती पोरीची होती.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. चंदनबालाचे यजमान धरणेंद्र मगदूम कुंडलच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत, आणि दोघं भाऊसोंच्या मळ्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. भाऊसोंचा ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं, तसं त्यांनी शिरवळकडच्या धनगरांना निरोप धाडून रानात मेंढरं बसवायला बोलावलं. मेंढरं आठ-पंधरा दिवस रानात मुक्कामाला राहिली की दोन वर्षं खत घालायला नको, असा भाऊसोंचा हिशेब. त्यांच्याबरोबर आलं ते बिऱ्हाड लहानसंच होतं. म्हातारी मनुबाई, तिचा मुलगा धुळा, सून बनुबाई, तिच्या पाठीवरचं तान्हं, आणि हौसा.

हौसा म्हणजे त्यांची घोडी. घोडी म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे येतं तसलं तिच्यात काही नव्हतं. बुटकी, मातकट, पोट सुटलेलं, शेपटीत गोखरू अडकलेले. पण सगळा संसार तिच्या पाठीवर. भांडी, घोंगडी, पायाला सुतळी बांधलेल्या कोंबड्या, वाटेत जन्मलेली कोकरं, आणि चाल लांबची असली की बनुबाईचं तान्हंसुद्धा बोचक्यात नीट कोंबून वर बसवलेलं. दुष्काळात निम्मी मेंढरं गेली तेव्हा धुळानं पोटाला चिमटा घेऊन हिला जगवलेली. “मेंढरू गेलं तर दुसरं हुतंय,” मनुबाई म्हणायची, “हौसा बसली तर बिऱ्हाडच बसलं.”

पहाट झाली की धुळा मेंढरं घेऊन लांब ओढ्याकडं जायचा, तो दिवस कलता परत. बनुबाई कोकरांमागं नाही तर गावात. घोडी मात्र चंदनबालाच्या कुंपणालगत लिंबाच्या झाडाला बांधलेली असायची आणि तिच्याजवळ मनुबाई बसलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस आवाजावरून ओळखणारी.

रत्नू दीड वर्षाची होती आणि जेवत नव्हती. निदान चंदनबालाच्या मते जेवत नव्हती. पोर झोपली की ही तिच्या छातीवर तळवा ठेवून श्वास बघायची. पाणी दोनदा उकळायची. “अगं, उकळून उकळून निम्मं झालं, पोरीला प्यायला काय ठेवणार आहेस?” असं धरणेंद्र म्हणायचे, आणि ती तरीही पुन्हा स्टोव्ह पेटवायची. तर अशा या रत्नूनं हौसाला पाहिलं आणि तोंड उघडलं. घोडीनं कडबा ओढला की रत्नूचा एक घास आत. घोडीनं कान हलवला की दुसरा. म्हणून चंदनबाला रोज सकाळी वाटी घेऊन कुंपणाशी बसू लागली. पोर जेवताना एक हात मोकळा राहायचा. लग्नानंतर कपाटात पडलेली चित्रांची वही तिनं त्या हातासाठी काढली.

तिनं आजवर घोडे काही कमी काढले नव्हते. पण ते सगळे कॅलेंडरवरचे. मान कमानीसारखी, आयाळ वाऱ्यावर, पुढचे दोन पाय हवेत. आता ती खऱ्या घोडीपुढं बसली आणि पहिल्या दिवशी तिला काही म्हणता काही जमेना. मान कमानीसारखी नव्हती, फळीसारखी होती. खालचा ओठ म्हाताऱ्या माणसाच्या ओठासारखा सैल लोंबत होता. डोळ्यावर खळगा होता, तो घोडीनं चारा चावला की श्वास घेतल्यासारखा वर-खाली व्हायचा. पोटाच्या कडेनं जीनाच्या दोरीनं केस झिजून चामडं चकाकत होतं. हे सगळं कॅलेंडरवाल्यांनी कसं काय पाहिलं नाही, याचं तिला नवल वाटत गेलं, आणि मग हात सैलावला. चौथ्या-पाचव्या दिवशी कागदावर जी उभी राहिली ती कुणाचीही घोडी नव्हती, हौसाच होती.

एकच पाय काही केल्या बसेना. पुढचा डावा. घोडी तो बाकीच्यांच्या रांगेत ठेवतच नव्हती, हातभर पुढं टाकून नुसता टेकवायची. काढलं की चित्र कलंडल्यासारखं दिसे. चंदनबालाला शाळेतले ड्रॉइंगचे सर आठवले. “घोडा म्हणजे देवळाचे चार खांब. एक ढळला की वरचं सगळं ढळलं,” असं ते म्हणत. तेव्हा तिनं तो पाय दोनदा पुसला आणि सरळ, खांबासारखा, इतर तिन्हींच्या ओळीत उभा केला. चित्र लगेच सावरलं. तिलाही बरं वाटलं.

संध्याकाळी धुळानं ते पाहिलं. डोक्याचा पटका सोडून त्यानं घाम पुसला आणि कागद लांब धरला.

“वहिनी, हौसाच हाय की ही. हितंच टाकावा चारा.”

“आवडली?”

“आवडली. पर प्वाट तेवढं आत घ्यायचं व्हतं. पावन्यारावळ्यांत दाखवायची झाली तर काय म्हणतील?”

भाऊसो पाठीमागून डोकावले. ते म्हणाले, “मास्तरीणबाई, माझ्या सोप्यात घोड्याचं कॅलेंडर हाय, ते घिऊन जावा. घोडा कसा असतोय ते तरी कळंल.”

मनुबाईनं चित्र बघायला मागितलं नाही, तिला दिसणारही नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, “चारी पाय काढलंस?”

“काढले आजी.”

“कान?”

“दोन्ही.”

 म्हातारी जागेवर सरकून घोडीच्या पायाशी बसली.

त्यानंतर दोन दिवसांनी बिऱ्हाड पाटाच्या पलीकडच्या तुकड्यात हलवायचं होतं. जेमतेम हाकेच्या अंतरावर. पण सामान घोडीवर लादलं, पाटाच्या उतारावर हौसाचा पाय घसरला आणि ती डाव्या अंगावर पाण्यात आडवी झाली. कोंबड्यांनी एकच कालवा केला, पातेली वाहत गेली. तान्हं त्या दिवशी बनुबाईनं पाठीशी बांधलं होतं म्हणून बरं. घोडी उठली, पण उठली ती डावा पाय उचलूनच. दुसऱ्या दिवशी ती तो जमिनीला लावीना, आणि कडब्याकडं पाहीना.

धुळानं तिचा खांदा चाचपला, भाऊसोंनी चाचपला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही चाचपून पाहिला. पाटात पडताना फरा, म्हणजे खांद्याचा सांधा, निखळला, यावर सगळ्यांचं एकमत झालं. फऱ्यावर उपाय एकच, डाग. सकाळी विळा लाल करून तीन रेघा ओढायच्या. त्यानंही चालली नाही तर तिला इथंच बाजारात सोडायची, कारण मेंढरांना गावाकडं परतायचं होतं आणि पुढच्या रानाचा शब्द गेला होता. लंगडी घोडी बाजारात कोण घेतो आणि कशाला, हे कुणी उघड बोललं नाही. बनुबाई पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसली होती.

मनुबाई काठी टेकत कुंपणापर्यंत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच चंदनबालाला जड गेलं. राग असता तर उत्तर देता आलं असतं.

“तू वाईट मनानं न्हाई काढलंस पोरी. पर तूच बांधलीस, तर तूच सोड. त्यो पाय पुसून टाक कागदावरनं.”

घरात आल्यावर चंदनबालानं ते नवऱ्याला सांगितलं. धरणेंद्र मुलांचे पेपर तपासत होते. ते म्हणाले, “मग पूस की. खोडरबर घरात आहे, पाय कागदावर आहे. म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल.”

“आणि तुमचं शास्त्र?”

“शास्त्राचं काय बिघडतंय? ते रबरानं पुसलं जात नाही.”

तिला हसू आलं नाही. वही उघडली तेव्हा हौसाच्या आधीचं पान समोर आलं. रत्नू झोपलेली, एक हात गालाखाली, पायाची बोटंसुद्धा एकूण एक काढलेली. पुरं चित्र. चंदनबालानं घाईनं पान उलटलं. आणि मग जाऊन पोरीच्या कपाळाला हात लावून आली. कपाळ गार होतं. तरी ती पुन्हा एकदा जाऊन आली. घोडीचं खरं मानलं तर पोरीचंही मानावं लागेल, आणि पोरीचं खोटं ठरवायचं धाडस होत नाही, अशी तिची गत झाली. शिकलेल्या माणसाचं हेच असतं, धड पायरीवर नाही, धड उंबऱ्यात नाही.

सकाळी रत्नूला दूध पाजून ती रबर घेऊन बसली. पुसायचा कुठला पाय, तर पुढचा डावा, दुखरा. रबर टेकवलं आणि थांबली. बाकीचा कागद गुळगुळीत होता, या पायाखाली मात्र लव आल्यासारखा खरखरीत झालेला. तिनं तो उजेडाकडं तिरपा धरला. सरळ काढलेल्या खांबाच्या शेजारी दाबलेल्या पेन्सिलीचे वळ अजून तसेच होते. पुसलेला जुना पाय. हातभर पुढं टाकलेला, नुसता टेकवलेला.

हा तर पाटात पडायच्या कितीतरी आधी असा होता.

हौसा रोज तो पाय पुढं टाकून उभी राहायची. रोज. मागचा पाय ती आलटून पालटून सैल सोडायची, कधी हा कधी तो, जसं माणूस उभं राहून राहून पाय बदलतं. पण पुढचा कायम तोच. चंदनबालानं ते पाहिलं होतं, काढलंही होतं, आणि आपलंच चुकतंय समजून पुसून टाकलं होतं. धुळा दिवसभर रानात, म्हातारीला दिसत नाही. तास न् तास त्या घोडीकडं टक लावून बसलेलं माणूस सगळ्या कुंडलात एकच होतं.

तिनं रत्नूला कडेवर घेतलं आणि वही घेऊन पाटाकडं निघाली. पायात चपला घातल्यात की नाही हे तिला पलीकडं गेल्यावर कळलं.

गोवऱ्यांच्या आरात विळा ठेवलेला होता. भाऊसोंनी घोडीची मान दोरीनं तिथल्या एका लिंबाला आवळली होती. धुळा विळ्याच्या मुठीला ओलं फडकं गुंडाळत होता.

“धुळादादा, जरा थांबा.”

“तुमी हितं कशाला आलाय वहिनी? तुमी जैन मानसं, तुमास्नी बघवायचं न्हाई. जावा घरला.”

“ती आधीपासून लंगडत होती. पाटात पडायच्या आधीपासून.”

“कोन म्हंतंय?”

“मी. मी रोज बघत होते. हा पाय ती पुढं टाकायची.” तिनं वही पुढं केली. “हे बघा, इथं काढला होता, मग मी पुसला.”

धुळानं कागद पाहिला, घोडी पाहिली, आणि भाऊसोंकडं पाहिलं. “आता चित्र बघून औशिद करायचं व्हय गड्या?”

भाऊसो म्हणाले, “माझ्या कॅलेंडरातला घोडा धा वरसं दोन पायांवर उभा हाय. त्यालाबी दावूया डाक्तरला.”

त्यांना हसू आलं. चंदनबालाला वाटलं आता आपण रडणार, आणि रत्नूही आईचं तोंड बघून ओठ काढायला लागली. एवढ्यात मनुबाईनं काठी आपटली.

“तोंडं बंद करा रं. पोरी, कवापास्नं म्हंतीस?”

“तुम्ही आलात, त्याच आठवड्यात. मी चित्राला बसले त्या दिवशीसुद्धा तसाच होता.”

“रोज?”

“रोज आजी. मागचे बदलायची, हा नाही.”

 म्हातारी लेकाकडं तोंड करून म्हणाली, “धुळ्या, फरा पाटात निखळला म्हंतोस. मग पाटाच्या आदी काय निखळलं व्हतं? पाय दुकत व्हता म्हनून ती पाटात पडली आसंल. पडली म्हनून दुकत नसंल. खूर बघितलास?”

धुळानं खूर बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता. सगळे खांद्यापाशीच अडकले होते, कारण पडताना खांदा खाली आलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

त्यानं विळा बाजूला ठेवला, घोडीचा पाय गुडघ्यात दुमडून मांडीवर घेतला आणि एका गोट्यानं खुराच्या कडेकडेनं हळूच ठोकत गेला. टक, टक, टक. घोडी उभी. मग आतल्या बाजूला एका जागी गोटा लागला मात्र, आणि हौसानं असा हिसका दिला की भाऊसो दोरीसकट लिंबावर आपटले.

“हाय,” धुळा म्हणाला. आता त्याचा आवाज निराळा होता. “आये, हितं हाय. खूर कढत लागतोय.”

पाण्यानं माती धुतली तेव्हा तळव्यात मुगाएवढा काळा ठिपका दिसला. चाकूच्या टोकानं भोवतालचं कोरलं तसा बाभळीच्या काट्याचा मोडका तुकडा निघाला आणि त्याच्यामागून काळसर पाणी. वासानं बनुबाईनं नाक धरलं, पण डोळे मात्र तिचे हसत होते. हौसानं लांब श्वास सोडला. तिचा खालचा ओठ लोंबायला लागला तेव्हा चंदनबालाच्या जिवात जीव आला, कारण पाटात पडल्यापासून तो ओठ आवळलेला होता. हे तिला आता कळलं.

गव्हाचा कोंडा आणि लिंबाचा पाला शिजवून पोटीस बांधायचं ठरलं. कोंडा चंदनबालाच्या घरचा, पाला त्याच लिंबाचा, आणि खुराभोवती बांधायला रत्नूचं जुनं दुपटं. दुपटं देताना तिनं ते आधी उकळून घेतलं. धुळा म्हणाला, “वहिनी, घोडीला घालायचं हाय, जावयाला न्हाई.” तरी तिनं उकळलंच.

आर विझला होता. विळ्यानं बनुबाईनं दुपारी भाजी चिरली.

मनुबाई हार मानणारी नव्हती. संध्याकाळी ती म्हणाली, “बघ, पुरं काढलंस म्हनून ह्ये झालं.”

“नाही आजी. पुरं नाही काढलं म्हणून झालं. होता तसा पाय काढला असता तर धुळादादांना त्याच दिवशी दिसला असता.”

“लय शिकलीयास,” म्हातारी म्हणाली, आणि हात लांबवून तिनं अंदाजानं रत्नूचं डोकं शोधलं. “मग आता काड बघू तसाच. पर एक कान सोड. माजं म्हनून सोड.”

चंदनबालानं दुसरं चित्र केलं. दुपटं बांधलेला पाय पुढं टाकलेला, पोट होतं तेवढंच, शेपटीत गोखरू. शाळेतल्या सरांनी पाहिलं असतं तर गुण कापले असते. सगळं चित्र जरासं डावीकडं झुकलेलं, जशी घोडी झुकून उभी होती. कानाचं काय केलं ते तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. ते चित्र बनुबाईनं मागून घेतलं आणि घोंगडीच्या घडीत ठेवलं. पहिलं, खांबासारख्या पायांचं, भाऊसो घेऊन गेले. कॅलेंडरशेजारी लावलं. पोट सुटलंय खरं, पण आपल्या रानात चरलेली हाय, असं ते आल्या-गेल्याला सांगतात.

आठवडाभर बिऱ्हाड थांबलं. पुढच्या रानवाल्याला धुळानं निरोप धाडला. रत्नू रोज एक वाटी भात संपवत होती आणि मधल्या वेळात घोडीला “हौऽ” अशी हाक मारत होती. एके सकाळी धुळानं विचारलं, “वहिनी, बसवू का पाठीवर?” चंदनबाला नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिनं घोडीच्या चारी पायांकडं सावकाश पाहिलं आणि म्हणाली, “बसवा. पण मी धरणार.” तिनं दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं की पोर घोडीवर बसली की आईच्या हातांवर, हे सांगणं कठीण होतं. रत्नू मात्र आयाळ मुठीत धरून अशी बसली, जणू शिरवळपर्यंत जायचंच आहे.

निघायच्या दिवशी हौसावर निम्मंच ओझं घातलं. बाकीचं धुळानं स्वतः उचललं. ती चालत होती, चारी पाय टेकवत होती, पण डावा पाय टेकताना मान किंचित वर जायची. अगदी किंचित. धुळा म्हणाला, दोन मुक्कामांत जाईल. मनुबाई म्हणाली, जाईल. धरणेंद्रही म्हणाले. चंदनबाला मात्र ओढ्याच्या वळणापर्यंत त्या मानेकडं बघत राहिली, आणि वळण आल्यावर घोडी दिसेनाशी झाली.

त्याला आता वर्ष होत आलं. या हंगामात भाऊसोंनी रान मोकळं ठेवलं नाही, तुटलेल्या उसाच्या बुडख्यांचाच खोडवा राखला, त्यामुळं बिऱ्हाड इकडं आलंच नाही. पत्र लिहावं तर धनगराला पत्ता कुठला. रत्नू आता सगळं खाते, वर भांडते. पाणी अजून दोनदाच उकळतं. सगळं बरं चाललं आहे, आणि तरी ताट वाढताना मधूनच चंदनबालाच्या मनात ती मान किंचित वर जाते.

म्हणून तिचं एक मागणं आहे. तुम्ही शिरवळ, लोणंद, खंडाळा भागातले असाल, नाही तर एस.टी.नं पुण्याकडं जाताना रस्त्यात मेंढरं आडवी येऊन गाडी थांबली, तर चिडू नका. खिडकीतून बघा. बुटकी मातकट घोडी असेल, पोट सुटलेलं, वर कोंबड्या. शेजारी काठी टेकणारी म्हातारी असली तर तिला आवाज द्या, ती आवाजानं ओळखते. आणि घोडी उभी राहिली की तिचा पुढचा डावा पाय बघा. बाकीच्यांच्या ओळीत आहे की पुढं टाकलाय, एवढंच. पुढं टाकलेला दिसला तर धुळाला खाली उतरून सांगा, खूर बघ म्हणावं. आणि ओळीत असला, तर कुंडलला मगदूम मास्तरांच्या घरी तेवढं कळवा.